मामा स्टँडवरूनच परत जायचे

आमच्या फ्लॅटच्या दाराला लाकडी उंबरा आहे. आख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त आमच्याच. बाकीच्यांच्या दारात बिल्डरने दिलेली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे, आमचीही आधी तीच होती. घरी नवीन माणूस आला की त्याची नजर खाली जाते, आणि दौंडहून मामी आलेल्या असल्या की त्या उंबऱ्याची गोष्ट सांगतात. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. मी शेजारी उभी असते. गोष्ट संपेपर्यंत मान हलवत राहते.

ती गोष्ट खोटी आहे, आणि ती मी केलेली आहे. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझ्या तोंडून ते अजून कुणाच्याही कानावर गेलेलं नाही — आईच्या नाही, मुलीच्या नाही. नवऱ्याला कळलेलं आहे, पण कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हो ना? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी कदाचित जमेल.

कुठून सुरुवात करू? मामांपासून केली पाहिजे.

माझं माहेर मांडवगण फराटा. दहावीचा निकाल लागला आणि वडिलांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता, आमच्या घरात मुलींचं तसंच होत आलं होतं. मामा दौंडला रेल्वेत होते, गँगमध्ये — रुळांची देखभाल करणारी माणसं असतात ना, त्यांत. ते पेढे घेऊन आले, निकाल बघितला, आणि वडिलांना म्हणाले, “दाजी, ही पोरगी मी नेतो. शिकून झाली की परत आणून सोडतो. मग करा काय करायचं ते.” आणि दुसऱ्या दिवशी मी पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसले सुद्धा.

रेल्वेच्या क्वार्टरच्या दोन खोल्या. आतली मला दिली, अभ्यासाला. मामा-मामी बाहेरच्या खोलीत, आणि त्यांचा मुलगा संतोष, माझ्याहून लहान, तो व्हरांड्यात झोपायचा. थंडीतसुद्धा. एक्सप्रेस गेली की मांडणीवरची भांडी वाजायची आणि मामा झोपेतच सांगायचे कुठली गाडी किती उशिरा आहे. अकरावीपासून बी.कॉम. होईपर्यंत मी त्या घरात राहिले. माझी फी त्यांनी भरली. मी कधी विचारलं नाही की कशी भरता, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. निकालाच्या दिवशी त्यांनी स्टेशनबाहेरच्या चहाच्या कट्ट्यावर सगळ्या गँगला चहा पाजला. तिथून पुढे कुणाशीही ओळख करून देताना मी त्यांची भाची नसायचे. “ही आमची ग्रॅज्वेट,” म्हणायचे.

आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे. हे मी उगीच म्हणत नाही. पुढचं वाचताना तुम्हाला ते माहीत असायला हवं.

लग्नानंतर आम्ही कारेगावला राहायला आलो. नवरा — प्रकाश — एका कंपनीत मशीनवर, मी दुसऱ्या कंपनीत स्टोअरला. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, शेजारी बिहारची चार पोरं, दोन पाळ्यांत आलटून पालटून झोपणारी. सामायिक नळ. तिथं काही वर्षं काढल्यावर शिरूरला फ्लॅट बुक केला, वीस वर्षांचं कर्ज काढून. बँकेतल्या माणसाने हप्त्यांचा तक्ता दिला. मी वाणिज्य शाखेची, मला तो वाचता येत होता. पहिली कितीतरी वर्षं आपण जे भरणार त्यातलं बरंचसं व्याजातच जाणार, हे मला तिथंच खुर्चीवर दिसलं.

मग मी ठरवलं. आणि मी ठरवलं की ते होतं — याचा मला तेव्हा अभिमान होता.

आम्ही कसे राहिलो ते सगळं सांगत बसत नाही. आठवडे बाजारात मी उन्हं उतरल्यावर जायचे, शेतकरी आवराआवर करताना उरलेली भाजी ढिगाने देतात तेव्हा. डाळ रात्री भिजवल्याशिवाय गॅसवर चढायची नाही. प्रकाशची मोटारसायकल विकली, दोघंही कंपनीच्या बसने. मुलीला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही, दोनदा. बोनस आला की दिवाळीच्या आधी तो बँकेत, मुद्दलात. मला मजा येत होती हो. खोटं कशाला बोलू? मुद्दल खाली आलेलं बघण्यात एक नशा होती. स्टोअरमधल्या मुली मला विचारायला यायच्या, ताई तुम्ही कसं करता, आणि मी डब्याच्या सुट्टीत त्यांना समजावून सांगायचे.

सगळ्यात चांगले विद्यार्थी होते मामा. फोनवर मला सगळं विचारायचे. एकदा त्यांना मुद्दल आणि व्याज यांतला फरक नीट समजला आणि ते खूश झाले. म्हणाले, “म्हंजी व्याज हे रुळातलं गवत हाय नंदे. कितीबी काढा, फिरून येतंय. घाव मुद्दलावर पाहिजे.” माझं नाव सुनंदा. नंदे म्हणणारे तेवढे एकच होते.

आता उंबऱ्याचं.

आमच्यात घर घेतलं की वास्तुशांत करतात. होम, ब्राह्मण, सगळी भावकी जेवायला, आल्यागेल्याला आहेर. मी सगळ्यांना सांगून टाकलं, कर्ज फिटल्याशिवाय वास्तुशांत करणार नाही. बँकेच्या घराची कसली शांत करायची? आम्ही नुसतं दूध उतू घातलं आणि राहायला गेलो. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण मामांना ते पटलं. त्यांच्याकडे एक वस्तू होती. रेल्वेने जुने लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे टाकले तेव्हा लाकडांचा लिलाव झाला होता, त्यातला एक सागाचा त्यांनी रीतसर पावती करून घेतला होता. आपल्या घराचा उंबरा करायचा म्हणून. पण मामांचं घर झालंच नाही. जन्म क्वार्टरमध्ये गेला, रिटायर झाल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. आमची बिल्डिंग अजून विटांची होती तेव्हा ते एकदा येऊन गेले होते. दाराच्या चौकटीला काठी लावून माप घेतलं, काठीला चाकूने खूण केली आणि दौंडला जाऊन सुताराकडून स्लीपर कापून, रंधून घेतला. खिळ्यांची भोकं होती त्यांत सुताराने लाकडाचे गोल तुकडे बसवले. दरवर्षी दिवाळीला त्याला तेल लावायचे आणि पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवायचे.

“वास्तुशांतीला उंबरा घिऊनच येणार,” म्हणाले. “तवर तुझ्या घरात पाय ठेवत न्हाई. उंबरा न्हाई ते घर कसलं? ती खोली.”

चेष्टेत म्हणाले होते. पण मामांची चेष्टा अशीच असायची, बोलले की पाळायचे. आम्ही राहायला गेल्यापासून ते एकदाही घरी आले नाहीत. मामी आल्या, संतोष आला. मामा फोनवर विचारायचे, कुठवर आलं गं मुद्दल?

वीस वर्षांचं कर्ज आम्ही नवव्या वर्षी फेडलं.

त्या दिवशी आम्ही दोघांनी अर्धा दिवस रजा टाकली होती. बँकेने घराचे मूळ कागद परत दिले. बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर एक-एक ग्लास रस प्यायलो, आणि प्रकाशने स्वतःहून दुसरा ग्लास मागितला, आणि मी नको म्हटलं नाही. इतकंच. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. घरी येऊन मी मामांना फोन लावणार होते — खरंच लावणार होते. मग वाटलं, पुढच्या महिन्यात लावू. हप्ता न जाता एक पगार खात्यात राहिलेला बघू दे. एकदाच. कळतंय का तुम्हाला? इतक्या वर्षांत पगार झाला की दुसऱ्या दिवशी खातं रिकामं. मला ते भरलेलं बघायचं होतं.

आणि त्या महिन्यात मामांचाच फोन आला.

संतोषला एक जुना टेम्पो मिळत होता. थोडी रक्कम रोख द्यायची होती. मामा आधी मुलीचं विचारत बसले, मग पाऊस-पाणी, मग दौंडच्या नव्या पुलाचं. त्यांना मागायची सवय नव्हती. शेवटी म्हणाले, “जमत आसंल तर बघ. न्हाई तर न्हाई, आपलं काय आडून बसलंय थोडंच.”

आयुष्यात एकदा मागितलं त्यांनी. माझ्या खात्यात पैसे होते. मी फोन कानाला लावून आमच्या पूर्ण फेडलेल्या घरात उभी होते, आणि म्हटलं, “मामा, हप्ते चालू आहेत हो अजून.”

का म्हटलं? मी याच्यावर फार विचार केलेला आहे. मला वाटतं, ते वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. इतकी वर्षं कुणीही मागितलं — चुलत्याने, नणंदेने, शेजारणीने — की मी तेच म्हणायचे. हप्ते चालू आहेत. त्यावर कुणाला बोलता येत नाही. ते एक दार होतं, मी ते लावून घ्यायचे. कर्ज गेलं, दार राहिलं. पण हे झालं माझं स्पष्टीकरण. खरं एवढंच की मला पैसे द्यायचे नव्हते. व्हरांड्यात झोपणाऱ्या पोराला.

मामा म्हणाले, “आसू दे, आसू दे. आधी ते फेड. मला उंबरा बसवायचाय.” आणि वर माझीच समजूत घातली, वाईट नको वाटून घेऊ म्हणून.

प्रकाश सोफ्यावर — नाही, तेव्हा सोफा नव्हता, सतरंजीवर बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “मामांना तरी खरं सांगायचंस.” मी म्हटलं, सांगू सावकाश.

आता बघा कशी अडकले. वास्तुशांत केली की कर्ज फिटलं हे जाहीर होणार. लगेच केली तर मामा मनात हिशेब लावणार नाहीत का? म्हणून थोडं थांबू. मग थोडं अजून. प्रकाशला सांगितलं, मुलीची दहावी होऊ दे. संतोषचा टेम्पो हातचा गेला, तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. आमच्याकडे सोफा आला. मग मोठा फ्रीज आला.

इथवरचं मी कदाचित कुणाला सांगूही शकले असते. खोटं बोलून पैसे द्यायचं टाळलं, अशी माणसं पुष्कळ असतात. याच्या पुढचं सांगायचंय मला.

त्या दिवाळीनंतर मामांचा फोन आला — शिरूरला येतोय, सुटल्यावर स्टँडवर ये. दरवर्षी दिवाळीला ते मला साडी पाठवायचे, भाचीची म्हणून. मला वाटलं साडी असेल. कंपनीच्या बसमधून उतरून मी स्टँडवर गेले तर ते दौंडच्या फलाटापाशी बाकावर बसलेले, टोपी मांडीवर. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून औषधाच्या दुकानाची एक पिशवी काढली, घडी घालघालून लहान केलेली, आणि माझ्या हातात दिली.

“यंदा साडी न्हाई. हे मुद्दलात टाक. हितं मोजू नको, येडी का खुळी.”

मी विचारलं, हे कशाला मामा?

“आगं, तूच सांगितलंस न्हवं, वर टाकलं की लवकर फिटतं. आता माझं वय काय राह्यलंय का? तुझा बँकवाला वीस वर्षं थांबंल, मला कुठं थांबाय जमतंय. बँकेला सांग, व्याजात न्हाई, मुद्दलात. न्हाई तर गवतात जाईल.” आणि हसले.

सांगायला हवं होतं ना? तिथंच. एसटी स्टँडवर, लोकांत, कसंही. मामा, कर्ज फिटलं, मी खोटं बोलले. एवढं वाक्य. पण त्या वाक्याच्या मागोमाग संतोषचा टेम्पो आला असता. मला त्यांच्या तोंडावर ते उमटलेलं बघायचं नव्हतं.

आणि मी तेवढंच केलं असतं, गप्प राहिले असते आणि पिशवी परत त्यांच्या खिशात कोंबली असती, तरी चाललं असतं. नको मामा, तुम्हालाच लागतील — असं कुणीही म्हणतं. मी तेही म्हटलं नाही. माझी बोटं मिटली. पैसे येत असले की मिटायची, इतकी वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं.

मी म्हटलं, घरी चला, पाच मिनिटांवर तर आहे. ते म्हणाले, उंबरा बसल्यावर. परतीची गाडी लागली होती. चढताना त्यांनी कंडक्टरला, काही कारण नसताना, सांगितलं, “ही आमची ग्रॅज्वेट.”

त्यानंतर ते येत राहिले. दोन-तीन महिन्यांतून एकदा. तोच बाक, तीच पिशवी, घडी जास्त जास्त मऊ पडत गेलेली. मी प्रत्येक वेळी घरी चला म्हणायचे, आणि — हेही सांगते — ते नको म्हणाले की मला सुटल्यासारखं वाटायचं. कारण घरात सोफा होता, फ्रीज होता. त्यांनी बघितलं असतं. मी चहा घ्या म्हटलं की तेही नको म्हणायचे. चहा सोडला म्हणाले. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. विचारलं नाही. एखादं माणूस, ज्याने जन्मभर दिवसातून दहादा चहा प्यायला, ते चहा सोडतं आणि आपण का म्हणून विचारत नाही, याला काय म्हणायचं?

पैसे मी खर्च केले नाहीत. वेगळ्या खात्यात ठेवले. हे मी स्वतःला फार वेळा ऐकवलेलं आहे. त्याने काहीही होत नाही.

मध्ये-मध्ये ते विचारायचे, आता किती राहिलं? आणि मी सांगायचे. आकडा सांगायचे. हळूहळू कमी करत आणायचे, त्यांना बरं वाटावं म्हणून. नसलेल्या कर्जाचं मुद्दल.

शेवटच्या वेळी आले तेव्हा थंडी होती. मफलर बांधला होता आणि दम लागत होता. म्हणाले, “पुढच्या दिवाळीला होईल का गं शांत? न्हाई म्हंजी घाई न्हाई. उंबऱ्याला जरा पालिश करून ठिवतो.” मी म्हटलं, होईल मामा, नक्की. आणि त्या वेळी मी मनापासून ठरवलं होतं. आता पुरे, दिवाळीला करूच. सगळं कायमचं झाकलं जाईल, ते येतील, उंबरा बसवतील, सोफ्यावर बसतील.

संक्रांत झाल्यावर संतोषचा फोन आला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

तेराव्याच्या दिवशी बायका भांडी आवरत होत्या आणि मामी माझ्याजवळ येऊन बसल्या. प्रकाशची ड्यूटी होती, तो दहाव्याला येऊन गेला होता. मामी रडत नव्हत्या. उलट जरा कौतुकाच्या सुरात बोलत होत्या, नवऱ्याच्या हट्टाबद्दल बायका बोलतात तशा. म्हणाल्या, तुला ठाव हाय का, तुझ्या हप्त्यापायी चहा सोडला हुता त्यांनी.

मग त्यांनी सगळं सांगितलं. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर जुनी गँग बसते. रिटायर झालेली सगळी. मामा रोज जायचे. तिथं एकाने आज चहा पाजला की उद्या दुसऱ्याने पाजायचा, तसा रिवाज. “ह्यांनी चहा सोडला म्हणून सांगितलं. दोन दिवस नुसतं बसून आले. पर लोकं ऐकत्यात व्हय? कुणीतरी पाजायचंच. आन् एकाचा पिला की दुसऱ्या दिशी सगळ्यांला पाजायला लागतो. मग जायाचंच बंद केलं. सांजच्याला हितं खाटंवर बसायचे, गाड्या ऐकत. मी म्हणायची, जावा की जरा पाय मोकळे करून या. म्हणायचे, नंदीचं मुद्दल हलतंय, बसू दे.”

दोन वर्षांहून जास्त. रोजची संध्याकाळ.

चहा सोडल्याने कुणी मरत नाही, हे मला कळतं. कट्ट्यावर न गेल्यानेही मरत नाही. डॉक्टरांना विचारलं तर तेही हेच सांगतील. पण मला ते खाटेवर बसलेले दिसतात. मित्र पलीकडे बसलेले आहेत, चालत गेलं तर दहा मिनिटं, आणि हा माणूस माझ्यासाठी घरात बसून राहिला आहे. कशासाठी? माझ्या फ्रीजशेजारी बँकेच्या पासबुकात पडून राहणाऱ्या पैशांसाठी.

मग मामींनी विचारलं. माझा हात धरून. “ते पैसं आलं का गं तुझ्या कामाला?”

बघा, मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. मामा नव्हते, त्यांच्या चेहऱ्याची भीती संपली होती. सांगता आलं असतं. आणि मी म्हटलं, “मामी, शेवटचा हप्ता त्यांच्याच पैशांनी गेला. आता कर्ज संपलं.”

मामींनी तोंडाला पदर लावला. तेरा दिवसांत तेव्हा पहिल्यांदा त्या मोकळ्या रडल्या, आणि रडता रडता हसल्या. आत-बाहेर सगळ्यांना हाक मारून सांगितलं, ऐकलं का, ह्यांच्या पैशानं सुनंदाचं घर सुटलं. संतोष दारात उभा होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं. कट्ट्यावरचे म्हातारे ओट्यावर बसले होते, त्यांच्यातल्या एकाने टोपी काढली आणि म्हणाला, “म्हंजी लेकाचा उगा रुसला नव्हता आमच्यावर.”

वर्ष सरल्यावर वास्तुशांत केली. सगळी भावकी आली, आहेर केले, मी कुठंही हात आखडला नाही. संतोषने उंबरा आणला, पोत्यातून काढला. ग्रॅनाइटची पट्टी सुताराने आधीच उखडून ठेवली होती. उंबरा जागेवर ठेवला आणि तो बसला. एक सूतही तासावं लागलं नाही. काठीवर चाकूने केलेली खूण ती.

उंबऱ्याची पूजा कुणी करायची यावरून कुजबुज झाली, कारण मी मामींना पुढे केलं होतं. त्या मागे सरकत होत्या, माझ्या हातनं नको म्हणत होत्या. मी त्यांच्याच हाताने हळदकुंकू लावून घेतलं. त्याचंही कौतुक झालं माझं. शिकलेली पोरगी, बघा कशी वागते, म्हणाले लोक. मग मामींनी पंगतीत गोष्ट सांगितली — चहा, कट्टा, स्टँड, शेवटचा हप्ता. प्रकाश जिलेबीचं ताट घेऊन वाढत होता. तो थांबला. त्याला माहीत होतं कर्ज कधी फिटलं ते. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग वाकून पुढच्या पानात जिलेबी वाढली.

त्याने मला आजपर्यंत विचारलेलं नाही. त्या दिवसापासून तो सोफ्यावर बसत नाही. खाली सतरंजीवर बसतो. पाठ दुखते म्हणतो.

त्या खात्यातले पैसे मी अधूनमधून काढते आणि मामींना देते. सणाला, औषधाला, संतोषच्या मुलांना पुस्तकांना. माझे म्हणून. मामी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडतात, किती करतीस गं पोरी, म्हणतात. त्यांच्याच नवऱ्याचे पैसे त्यांना देऊन मी हे घेते.

आता खरं सांगितलं तर मामींचं काय होईल, असं मी कधी कधी मनाशी म्हणते. त्यांच्याजवळ ती एकच गोष्ट आहे, ती कशाला काढून घ्यायची? ऐकायला बरं वाटतं. पण मामी नसत्या तरी मी सांगितलं नसतं, हे मला माहीत आहे. मी मामांना जिवंतपणी सांगितलं नाही, तेव्हा कुणाची काळजी करत होते? माझी.

सकाळी कामाला जाताना मी पाय उचलून उंबरा ओलांडते. लाकडात ते गोल तुकडे दिसतात, खिळ्यांच्या जागेवरचे. उन्हाळ्यात अजून तेलाचा वास येतो.

पुढच्या आठवड्यात मामी राहायला येणार आहेत. दाराशी वाकून उंबऱ्याला हात लावतील, तो हात कपाळाला लावतील, मग आत येतील. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलंय, ती बाई ओळख करून घ्यायला डोकावेल आणि खाली बघून थांबेल. मामी तिला गोष्ट सांगायला लागतील.

मी चहा ठेवीन.